सासूच्या गळ्यातली पट्टी

११ मार्च
आज पुन्हा एक झाकण उडालं! समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. समोरच्या भिंतीला खड्डा पडला. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याने, झ्लात्कोने, खड्ड्याचा फोटो काढून सकाळच्या भाषणात दाखवला. भिंतीला सहानुभूती व्यक्त करायची तेवढी राहिली.

समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि वर तांब्याच्या खाणीला पाठवायचं, एकतीस वर्षं हेच करतोय. पाणी गाळायच्या लांब नळ्या एकशे बारा. प्रत्येकीच्या तोंडाशी झाकण. आत थोडा जरी दाब अडकून राहिला असला तरी झाकण तोफेसारखं सुटतं. आणि ते काढायचं कसं? नळीच्या तोंडासमोर उभं राहून, पहारीने. पहार मात्र अधिकृत — कंपनीने विकत घेतलेली, वर शिक्का.

मे-जूनमध्ये सगळ्या नळ्या उघडायच्यात. यंदा काम यास्नाकडे. माझ्या गेलेल्या दोस्ताची पोर. तिला इथे मीच चिकटवलं. भीती वाटते. लिहून टाकलं, बरं झालं.

१९ मार्च
सुचलं! नळीच्या तोंडावर एक चौकट बसवायची. तिच्या तीन नख्या नळीची कड धरून ठेवतील. मधून आटे पाडलेला दांडा. आपण बाजूला उभं राहून चाक फिरवायचं, की झाकण हळूहळू बाहेर. दाब असला तरी नख्या त्याला जाऊ देणार नाहीत.

लोखंडासाठी सासूबाईंचा जुना पलंग कापला. बायकोला, एदेल्मीराला, आधी विचारलं. म्हणजे, पूर्ण कापायच्या आधी.

२ एप्रिल
यास्ना संध्याकाळच्या चहाला आली. पाव तोंडात तसाच, आणि चौकटीभोवती फेऱ्या. "काका, ही तर सासू! एकदा धरलं की सोडायचं नाव नाही!"

एदेल्मीरा म्हणाली, "माझ्या आईने तुला कधी धरलं होतं? पळालास तर बरं, म्हणायची ती."

नाव मात्र बसलं. पलंगही सासूचाच होता.

४ एप्रिल
झ्लात्कोने सासूला दोन मिनिटं न्याहाळलं. मग एकच शब्द — "हेचीसो."

आमच्याकडे हाताने केलेल्या हत्याराला हा शब्द. जादूटोण्यालाही हाच. थोडक्यात, करणी! आणि करणीला कारखान्यात बंदी.

"पण पहारीपेक्षा सुरक्षित आहे ना?"

"प्रश्न तो नाही, मिस्त्री. बाहेरच्या कुणी बनवून पाठवलं तर ते उत्पादन. आपल्या माणसाने बनवलं तर करणी. नियम आहे."

"आणि आपल्या माणसाचं डोकं फुटलं तर?"

"त्यासाठी वेगळा अर्ज आहे."

खरंच आहे! पिवळा कागद, तीन प्रती.

१६ एप्रिल
आता वजन. सासू सव्वीस किलो चारशे ग्रॅम. पंचवीसच्या वर एकट्याने उचलायचं नाही. झ्लात्को म्हणतो, नख्या काढा. नख्या काढल्यावर उरतं काय? पलंग!

१८ एप्रिल
चौकटीला भोकं पाडली. चोवीस किलो नऊशे. नख्या तिन्ही जागेवर.

२९ एप्रिल
विजय! झ्लात्कोने सही केली. "एक महिना चाचणी." स्वतःच्या हाताने सासूच्या मानेला पिवळी पट्टी गुंडाळली. दर महिन्याला नवा रंग. चालू महिन्याची पट्टी नसेल त्या हत्याराला हातही लावायचा नाही. एप्रिल पिवळा.

घरी जाताना यास्नाला मिठी मारली. ती म्हणाली, "काका, ग्रीस लागलं."

२ मे
माझ्यासारखा गाढव मीच. महिना म्हणजे तीस दिवस असं मी धरून चाललो. महिना म्हणजे एप्रिल! चाचणी एक दिवस चालली, तीही कपाटात. मे हिरवा. पहारींना हिरव्या पट्ट्या आधीच लागल्यात. झ्लात्को सात दिवसांच्या सुट्टीवर घरी. पट्टीला हात लावायचा अधिकार फक्त त्याला.

यास्नाने पहारीने सहा नळ्या उघडल्या. मी प्रत्येक वेळी मान फिरवली. एकतीस वर्षांत कधी फिरवली नव्हती.

३ मे
झ्लात्कोच्या खणात हिरवी गुंडाळी होती. आता सासूच्या गळ्यात हिरवी पट्टी आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

५ मे
सासूने उघडायची एकतिसावी नळी. दाबाचा काटा शून्यावर. काटा अडकला होता, हे नंतर कळलं.

यास्ना बाजूला उभी राहून चाक फिरवत होती. तिसऱ्या फेऱ्याला — धाड! झाकण दोन बोटं पुढे आलं आणि थांबलं. नख्यांनी धरलं. एक नखी चमच्यासारखी वाकली. पाणी छतापर्यंत उडालं.

यास्ना हसत होती. मग खाली बसली आणि रडायला लागली. मीही. पहार असती तर ती नळीसमोर उभी असती. समोर!

पाळीच्या अहवालात लिहिलं गेलं — विशेष काही नाही.

९ मे
झ्लात्को परत आला. वाकलेली नखी दाखवली. त्याने पट्टी पाहिली.

"मी दोन वेढे देतो. हे तीन आहेत."

मी तोंड उघडायच्या आत यास्ना म्हणाली, "मी लावली."

"खोटं बोलतेय. मी लावली," मी म्हणालो.

"दोघांनी लावली का?" झ्लात्कोने विचारलं. अगदी गंभीरपणे. त्यासाठीही वेगळा अर्ज असणार.

मी लिहून दिलं. एकट्याच्या नावावर.

१२ मे
काढून टाकलं. कारण: रंगीत पट्टीचा गैरवापर. एकतीस वर्षं, आणि शेवट हिरव्या चिकटपट्टीवर. कागद झ्लात्कोनेच दिला. डोळ्यांत पाहिलं नाही. म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही आता बाहेरचे."

जखमेवर मीठ चोळायलाही काही रीत असते!

२० मे
एदेल्मीराने शिलाई मशीन, इस्त्री, शेजारणीचा पंखा, सगळं माझ्यापुढे मांडून ठेवलंय. कालपर्यंत यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. बाई शहाणी आहे.

यास्नाचा फोन. सासूला जाळीच्या कपाटात कोंडलंय, गळ्यात पाटी — 'करणी. हात लावू नये.' रोज सकाळच्या भाषणात दाखवतात. उरलेल्या पंच्याहत्तर नळ्या ३ जूनपासून. पहारीने.

"समोर उभी राहू नकोस," मी म्हणालो.

"मग कुठे उभी राहू, काका?"

 

२८ मे
झ्लात्को दुकानात दिसला. मी रस्ता बदलला. तोंडाची चव कशाला घालवा!

३१ मे
कंपनीचं पाकीट आलं. ऑर्डर. झाकण काढायची चौकट, नग दोन, नख्या तिन्हीसकट, २ जूनच्या आत. बनवणारा: बाहेरचा. खाली झ्लात्कोची सही, आणि पेन्सिलने बारीक अक्षरात — 'आता ही करणी नाही.' सोबत जूनची निळी गुंडाळी. एदेल्मीराला विचारलं, घरात अजून एखादा पलंग आहे का?