डाग दिलेला कार्ब्युरेटर

१२ फेब्रुवारी १९६२, नळदुर्ग

आणला एकदाचा! सोलापुरातनं यांनी कार्ब्युरेटर आणला. धोतराच्या फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन, एसटीनं. मोटारीचे मालक एसटीनं, कारण मोटार चालत नाही.

मोटार म्हणजे ती जुनी ऑस्टिन. जहागीरदाराची जहागीर गेली आणि मोटार आमच्या गळ्यात पडली. चढ लागला की खोकते. लतीफ मिस्त्री म्हणाला, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारं ते पितळेचं यंत्र, कार्ब्युरेटर, तो झिजलाय, मुंबईहून नवा मागवा. पण नवा मागवतील तर हे कसले? सोलापुरात कल्याणप्पा म्हणून कुणी आहे, जुने सुटे भाग "रिकंडिशन" करून विकतो. हा शब्द यांना भारी आवडलाय. दुपारपासून तोच चाललाय.

आणि पारख कशी केली? आमचं भांड्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. यांनी तो कार्ब्युरेटर हातात तोलला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणे, "पितळ अस्सल हाय. हलकं काम न्हाय." चिंचेनं घासून लख्ख केलेला होता, झालं. आतनं उघडून बघायचं डोक्यातच आलं नाही. घागर घेतल्यासारखा घेतला!

१४ फेब्रुवारी

भूगोल. नद्या पाठ. मध्येच उठून भाकरी, मध्येच गिऱ्हाइकांचा चहा.

मला मॅट्रिक व्हायचंच आहे. पुढल्या साली इथं मुलींची शाळा वाढणार, बाई पाहिजे म्हणतात. लग्न झालं तेव्हा शाळा अर्धवट सुटली ती सुटलीच. सासूबाईंनी कबूल केलंय ते एका वेळेपुरतं. "आमेल इल्ला" म्हणाल्या, म्हणजे नंतर नाही. औंदा हुकलं तर पुस्तकं बंबात जाणार.

आणि यांची अट वेगळीच. केंद्र उस्मानाबादला. तिथं माझी मावसबहीण राहते, आठवडाभर राहू दिलं असतं तर काय बिघडत होतं? नाही. "घरात मोटार असताना आपल्या घरच्या बाईनं दुसऱ्याच्या घरी पडून ऱ्हायचं?" रोज मोटारीनं जायचं, मोटारीनं यायचं. नाहीतर परीक्षा नको. म्हणजे माझी मॅट्रिक त्या कल्याणप्पाच्या पितळेवर लटकली.

२० फेब्रुवारी

कार्ब्युरेटर बसवला. लतीफ मिस्त्री तोंडात विडी ठेवून पेट्रोलवर वाकलेला. अशा माणसाच्या हातात मोटार देणारे हे, आणि यांच्या हातात मी.

सुरू झाली. काळा धूर एवढा की समोरचा पिंपळ दिसेना. हे खूश. "दम बघ कसा हाय!" धुराला दम म्हणतात.

२१ फेब्रुवारी

पेट्रोलचा वास. ओसरीवर, अंथरुणात, माझ्या वहीलासुद्धा.

२६ फेब्रुवारी

आज अखेर उघडला. रिकंडिशन! बाहेरून आरशासारखा आणि आत भोकं कथलानं बुजवलेली, स्क्रू एक इकडचा एक तिकडचा. आत पितळेची एक बंद, पोकळ डबी असते. पेट्रोल भरत आलं की ती तरंगून वर येते आणि पेट्रोलची वाट बंद करते. त्या डबीला बारीक भोक होतं आणि आत पेट्रोल खळखळत होतं. कल्याणप्पानं हे बघितलंच नसेल. का बघितलं असेल, आणि गिऱ्हाईकही बघितलं असेल.

आता परत सोलापूरला जाऊन त्याच्या तोंडावर मारावं की नाही? छे. यांची इज्जत जाते. पितळेत फसलो असं पितळेच्या व्यापाऱ्यानं बाजारात कसं सांगावं! उलट बाह्या सरसावल्या. "भोकच हाय न्हवं? डाग द्यायला मला कुणी शिकवायचं?" शेगडी पेटवली, कथील काढलं आणि डबीला असा जाड डाग दिला की काय सांगू. पाणी तापवायच्या हंड्याला देतात तसला. मग बादलीत दाबून धरली. बुडबुडा आला नाही. "संपलं. आता जन्मात गळायची न्हाय."

लतीफ म्हणाला, "सेठ, एकदम पक्का काम." दोघं एकमेकांना शोभतात.

२७ फेब्रुवारी

माझा धाकटा दीर नागप्पा आणि मी आज पोट धरून हसलो. तो यांची नक्कल हुबेहूब करतो. कार्ब्युरेटरला कानाशी धरतो, टिचकी मारतो, डोळे मिटतो. पोरीच्या बापानं जावई वाजवून बघावा तसा.

२ मार्च

डबी मी हातात घेऊन पाहिली. जड लागली. परीक्षेला शास्त्र आहे म्हणून नव्हे, साध्या अकलेनं शंका आली. परातीत पाणी घेऊन सोडली. बुडाली नाही, पण जेमतेम वरची कड दिसत होती. पाण्यात ही तऱ्हा, तर पेट्रोल पाण्याहून हलकं! तिथं ती वर येणार कशी? पेट्रोलची वाट बंदच व्हायची नाही. वाहत राहणार, खाली, तापलेल्या लोखंडावर.

दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, असू देत. म्हटलं, "गळत नाही एवढंच बघितलंत. डबीचं काम पाणी धरायचं नाही, तरंगायचं आहे. तुम्ही हंडे विका. मोटार तुमच्या अकलेचं काम न्हाय."

नागप्पा फिसकन हसला. गिऱ्हाईकही हसलं. हे हातातला तांब्या पुसत राहिले. चांगलं झालं. एकदा कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं.

४ मार्च

शिवरात्र. उपास यांचा आणि चिडचिड माझ्यावर. डबी बदलायचं नाव नाही. उलट आता मुद्दाम त्याच डबीवर मोटार फिरवतात. गावात तीन चकरा मारल्या, मला दाखवायला.

१२ मार्च

पहिला पेपर, मराठी. पोचलो. साडीला पेट्रोलचा वास एवढा की पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागं वळून पाहिलं.

बाहेर आले तर हे फाटकापाशी लिंबाखाली उन्हातान्हात बसलेले. कुठं जाऊन चहा तरी प्यावा! पण नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या घरातल्या पेपरला बसल्यात." शाळेच्या शिपायालासुद्धा सांगितलं. शरमेनं मान वर करवेना. मोटार मिरवून झाली, आता मला मिरवतात.

१४ मार्च

गणित. तुळजापूरच्या अलीकडं मोटार बंद. बॉनेट उघडलं तर सगळं ओलं, पेट्रोल थेंब थेंब खाली पडतंय. यांनी फडक्यानं पुसलं! मागून मी ढकलली, पदर खोचून, रस्त्यावरचे गाडीवान बघताहेत. सुरू झाली. घंटा होता होता वर्गात शिरले. हात काळे, पहिलं गणित चुकलं.

येताना हे म्हणाले, "ऊन लई हाय, म्हणून पेट्रोल उफाळतं." ऊन! स्वतःचा डाग सोडून सगळ्यांचा दोष.

१५ मार्च

उद्या शेवटचा पेपर, शास्त्र. मी सांगून टाकलं, एसटीनं जाणार. मोटारीत पाय ठेवणार नाही, परीक्षा बंद करा नाहीतर काही करा. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हे म्हणाले, "जा." एवढंच. मला वाटलं होतं भांडतील. भांडायची तरी अक्कल पाहिजे.

फक्त उद्या शुक्रवार. देवीला जाणाऱ्यांनी एसटी भरून आली आणि थांबलीच नाही तर? तर मग तीच हिरवी डबडी मोटार आहे नशिबात.

१७ मार्च, उस्मानाबाद, सरकारी दवाखाना

काल एसटी थांबली नाही. हे मोटार घेऊन फाट्यावर उभेच होते.

तुळजापूरच्या पुढं बॉनेटखालून जाळ आला. आम्ही दोघं उड्या टाकून बाहेर. पिशवी आत राहिली, हॉल तिकीट पिशवीत. मी नको नको म्हणतेय तोवर हे परत आत शिरले. पिशवी घेऊन आले. दोन्ही हातांची कातडी लोंबत होती. एका मालट्रकवाल्यानं इथं आणलं. मी खाटेपाशी बसले तर म्हणाले, "हितं काय बसतीस? पेपर हाय न्हवं? जा."

आज नागप्पा आला. हसू दाबत म्हणाला, "वैनी, तुम्ही म्हणला तसंच झालं की. डबीला डाग देणारा शहाणा..."

मी म्हटलं, भावजी, उठा. पुन्हा इथं येऊ नका.

काल पेपर दिला. सगळे प्रश्न लिहिले.