एक झेंडी, दोन झेंड्या

१८ मे, शनिवार

खांबाला घासला म्हणे! कुठे घासला? मी गोलच्या अगदी मागे कुंपणाला टेकून उभी होते. चेंडू मधल्या दोन खांबांच्या मधून गेला, स्वच्छ. आमच्या कोडीने — माझ्या बहिणीचा मुलगा — लांबून मारला, तेवढ्यात शेवटचा भोंगा वाजला. कुंपणापाशी लावलेल्या आपल्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. दोन्ही झेंड्या वर जायच्या, सहा गुण मिळायचे, विषय संपायचा. तर पांढऱ्या कोटातल्या त्या ठोंब्याने एकच झेंडी हलवली, म्हणजे चेंडू खांबाला घासला. एक गुण. आम्ही दोन गुणांनी हरलो.

आणि हा गोल पंच कुठला? टॅलनचा! म्हणजे जिंकले त्यांचाच. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये बाहेरचे गोल पंच मिळत नाहीत, प्रत्येक गाव आपला एक आणतं. एका टोकाला त्यांचा, दुसऱ्या टोकाला आपला. आपला म्हातारा बर्ट होता दुसऱ्या टोकाला, त्याला तिथून ढग दिसले असतील फार तर.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बर्टची बायको गाडीची काच वर करून बसली.

वर तो माणूस मॅच संपल्यावर क्लबच्या खाण्याच्या खिडकीशी आला. माझ्याच खिडकीशी. "भोपळ्याचं सूप आहे का?" म्हटलं संपलं. पातेलं माझ्या मागे उकळत होतं. "वास छान येतोय," म्हणाला आणि गेला.

२० मे, सोमवार

ट्रेव्हरच्या पेट्रोल पंपावर सकाळपासून हेच. ट्रेव्हर आमच्या क्लबचा अध्यक्ष, त्याने मध्यम मार्ग काढला — "चेंडू वाऱ्याने वळला असेल, त्याला वाटलं खांबाने वळला."

"वारा नव्हताच," जॅनिस म्हणाली.

"मग तुझे केस असे कशाने झाले?" मी म्हटलं. केस कापायचं दुकान तिचं स्वतःचं. ती अजून बोलत नाहीये.

कोडीला विचारलं. "मावशी, मी चिखलात तोंडावर पडलो होतो. मला गवत दिसलं."

२३ मे, गुरुवार

लीगकडे माझ्याविरुद्ध तक्रार गेली. कोणी केली सांगत नाहीत. ट्रेव्हर घरी आला, बूट पुसून आत आला, तेव्हाच ओळखलं.

"रेलीन, दोनच रस्ते. टॅलनच्या त्या पंचाची, डेसची माफी माग, नाहीतर मोसम संपेपर्यंत मैदानात पाऊल टाकायचं नाही."

"गोल होता."

"असेल. माफी माग."

लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून एक मॅच चुकवलेली नाही. माझा नवरा ग्रॅहम गेला त्या आठवड्यातसुद्धा खिडकीत उभी होते. शनिवारी घरात बसून मी करू काय? भिंती मोजू?

२६ मे, रविवार

टॅलनला गेले. खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक डबा भरून नेले. डेस शाळेची बस धूत होता. म्हटलं, "चुकलं माझं. तुझा निर्णय बरोबर होता."

तो पाण्याची नळी बंद करून म्हणाला, "खोटं कशाला बोलतेस? तुला वाटतं गोल होता."

"होताच."

"मग माफी नको. डबा ठेव."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? चहा केला त्याने. बायको जाऊन चार वर्षं झाली म्हणाला, पण टेबलावर अजून दोन ताटांच्या चटया. मग आम्ही मीठदाणी आणि मिरीदाणीचे खांब केले, साखरेचा खडा चेंडू. दोन तास भांडलो. खडा त्याने चहात टाकला, नाहीतर अजून बसलो असतो.

निघताना म्हणाला, ट्रेव्हरला फोन करून सांगतो, माफी मिळाली.

"म्हणजे तूही खोटं बोलणार?"

"केक मिळाले ना. तेच समजतो."

४ जून, मंगळवार

बर्टच्या कमरेचं ऑपरेशन. ट्रेव्हरने पांढरा कोट माझ्या खिडकीत आणून टाकला. "एवढं दिसतं ना तुला, तर तूच हो गोल पंच. शिवाय कोट अंगात असला की तोंड उघडायचं नाही असा नियम आहे." सगळे जोरात हसले. जॅनिस सगळ्यांत जोरात.

घातला कोट. बाह्या लांब आहेत.

१८ जून, मंगळवार

डेस शिकवतो. बस पोचवून झाली की टॅलनच्या मैदानावर. खांबाखाली पाय कुठे ठेवायचे, मान कधी वर करायची. तो बरोबर सांगतो हे लिहायला जीवावर येतं.

एक आवडलं. इकडे मी झेंडी हलवली की तिकडे दुसऱ्या टोकाच्या पंचाने तशीच हलवून सांगायचं, पाहिलं, लिहून घेतलं. मधे अख्खं मैदान. बोलायची सोय नाही.

आणि एक नियम — शंका आली तर कमी गुण द्यायचे. "मला शंका येत नाही," मी म्हटलं. डेस नुसता हसला.

१३ जुलै, शनिवार

सहा मॅच झाल्या. तोंड बंद. घसा इतका बरा कधीच नव्हता.

१७ ऑगस्ट, शनिवार

टॅलनच्या मैदानावर टॅलनशी शेवटची मॅच. जिंकलो तर चौथे, म्हणजे फायनल्समध्ये. हरलो की मोसम संपला. डेस त्या टोकाला, मी या.

भोंग्याला काही क्षण उरले, आपण चार गुणांनी पुढे. टॅलनच्या एका उंच पोराने माझ्या टोकाला मारला. चेंडू खांबाला चिकटूनच आला. घासला? नाही घासला? त्यांच्या गाड्यांनी हॉर्न लावले, मला काही ऐकू येईना. मी पाहत होते, डोळे उघडे होते, आणि मला कळलं नाही. देवाशपथ कळलं नाही.

एक झेंडी उचलली. एक गुण. आपण जिंकलो.

माझ्याबद्दल काय काय ओरडले! त्यातलं बरंचसं मीच मे महिन्यात वापरलेलं. मी मान वर केली ती फक्त पलीकडे बघायला. डेस थांबलाच नाही. त्याची एक झेंडी लगेच वर गेली.

टॅलनच्या खिडकीत सूप मागितलं. तिथल्या बायका संपलं म्हणाल्या. पातेलं वाफ टाकत होतं.

पण खरं लागलं ते आपल्या माणसांचं. ट्रेव्हरने पाठीवर थाप मारली, "शाबास! वचपा काढलास." जॅनिसने मिठी मारली, डोळा मिचकावून. म्हणजे यांना वाटतं मी लबाडी केली. आणि त्याबद्दल कौतुक करतायत!

डेसच्या बसच्या मागे एकटी उभी होते. डेस दोन कप सूप घेऊन आला. "घासला होता?"

"माहीत नाही."

त्याने एक कप माझ्या हातात दिला. "मे महिन्यात मलाही माहीत नव्हतं."

"म्हणजे गोल असू शकतो?"

"असू शकतो."

"तीन महिने बोलला नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू परत भांडायला आली असतीस का?"

१९ ऑगस्ट, सोमवार

डेसला फोन केला. म्हटलं, माझं घर मोठं आहे, तुझी बस अंगणात मावते, आणि दोन ताटं मांडायला मला चालतं. राहायला येतोस का, गुरुवारच्या सरावापर्यंत सांग. मैदानाच्या त्या टोकावरून झेंड्या हलवल्यास तरी समजेन. पण शंका आली तर कमी गुण, हा नियम इथे चालणार नाही.