कधीपासून राहता?

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. एक दुसऱ्याहून बोटभर मोठा आहे, पण ऊब दोन्हींत सारखीच.

मी नेमकं करते काय, असं विचारलंस. प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या वस्तीच्या, मधोमध एक कृष्णविवर असतं. त्यात वायू पडत राहिला की केंद्र लखलखतं, नाहीतर गपगार. आजूबाजूला इतर दीर्घिकांची दाटी असली तर केंद्र पेटतं की विझतं, हा माझा प्रश्न. तीन वर्षं मोजतेय. दाटीत बहुतेक केंद्रं थंड, पण मधेच काही धडधडून पेटलेली. का, ते कळत नाही. सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत उलगडलं नाही तर हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक. ते काढलं तर उरतो नुसता पुठ्ठा!

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठिणगी

११ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

मोज्यांना नावं ठेवायची नाहीत.

तुझ्या आकाशातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तीस वर्षं नर्स म्हणून घरोघर फिरले. दाट वस्तीत खोकल्याचे रोगी शोधताना आमचाही असाच गोंधळ व्हायचा. एक घर आजारी, शेजारचं ठणठणीत. मग आमच्या मोठ्या बाईंनी फॉर्मवर एक प्रश्न वाढवला: इथे कधीपासून राहता? नुकतेच आलेले वेगळे काढले आणि सगळं लख्ख दिसलं: रोगी बहुतेक त्यांच्यातच. तुझ्या पेटलेल्या दीर्घिका त्या दाटीत कधी आल्या, ते पाहिलंस का? हसू येत असेल तर हस, पण हसून झालं की जेव.

जिवाला जप, मग आमच्यावर माया कर.

तुझी आत्या

२९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. आणि एक घट्ट मिठी.

हसले नाही, ताडकन उठले. दीर्घिकांना विचारता येत नाही, पण त्यांची जागा आणि वेग बरंच सांगतात. नुकत्याच शिरलेल्या बहुधा कडेला आणि सुसाट, जुन्या मधोमध आणि संथ. तसे यादीचे दोन भाग केले. आत्या, पेटलेल्या जवळजवळ सगळ्या नव्या निघाल्या! त्यांचा वायू अजून शिल्लक आहे. जुन्यांचा दाटीने केव्हाच ओरबाडून घेतलाय.

सरांचा विश्वास बसेना. दोन दिवस खपून त्यांनी सगळं स्वतः पुन्हा मोजलं. काल दुपारी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, की प्रकरण काढायचं नाही, सगळ्यात आधी घालायचं. हे सुचवणाऱ्या आत्या कुठल्या संस्थेत असतात, असंही विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, खोकल्याच्या खात्यात.

अशीच पाठीशी राहा.

तुझी
ठिणगी

२० जून

चि. डॉक्टर ठिणगीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तोंडी परीक्षा पार पडली, हे दादाने फोनवर सांगितलं. तुझा बाप आधी नुसता हुंदके देत होता, मी घाबरलेच!

लगेच जुन्या नर्सा गोळा केल्या आणि तुझं मार्चमधलं पत्र मोठ्याने वाचलं. आमच्या मोठ्या बाई आता ब्याऐंशीच्या, कानाला यंत्र. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, की तो प्रश्न घातला तेव्हा वरच्या साहेबांनी त्यांना चारचौघांत झापलं होतं, नसत्या चौकशा करून कागद वाया घालवता म्हणून. आता म्हणे तो प्रश्न दीर्घिकांनाही विचारला आणि उत्तर आलं! त्या इतक्या हसल्या, की यंत्र कानातून निसटून चहात पडलं आणि आम्ही सहाही जणी उभ्या राहून टाळ्या वाजवत राहिलो.

तुझी अभिमानी आत्या