एकेचाळीस की बारा?

म्हैसूर, बुधवार, संध्याकाळ

दसऱ्याआधी बसच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमधलं एकच फंक्शन, म्हणजे कोडचा एकच तुकडा, नव्याने लिहायला वेळ आहे. कोणतं? मी मीटिंगमध्ये गरजलो, "सगळ्यात जुनं! कोडच्या गुंतागुंतीचा आकडा एकेचाळीस! लाज वाटत नाही आपल्याला?"

माझ्या टीममधली नंदिनी शांतपणे म्हणाली, "अय्यो सर, त्याला चार वर्षांत कुणी हात लावला नाही. चालतंय की! जादा बसेसचं तुम्ही लिहिलेलं फंक्शन बघा. आकडा बाराच, पण दर आठवड्याला आम्ही तेच दुरुस्त करतो."

एकेचाळीसपुढे बारा जिंकले? जिंकलेच. कोड किती वेळा बदलावा लागतो, हे मी कधी मोजलंच नव्हतं. उद्यापासून माझंच फंक्शन मोडून नव्याने लिहायचं, असं ठरलं. नंदिनीसाठी टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या.