कंसातील सूचनेनुसार काळ बदला

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (वाकून घातलेला नाही, खुर्चीत बसूनच घातला आहे. गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा डावा कान अजून त्यांच्या सोयीनेच ऐकतो का? इकडे मी ठणठणीत आहे. तुझी लेकही ठणठणीत आहे, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू दर ओळीला जीव मुठीत धरणार नाहीस. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. तर फोनवर मी तिसऱ्या शब्दाला पोचलो की माझं वाक्य तू पूर्ण करतेस. पन्नाशी उलटली तरी तुझ्यासमोर माझं एकही वाक्य माझ्या मनाप्रमाणे संपलेलं नाही. निदान हे एक मला संपवू दे.

तुला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी भूगोलाच्या तासांवर आणखी एक काम माझ्या गळ्यात मारलं. प्रवेश मार्गदर्शक. म्हणजे बारावीच्या पोरांना कुठल्या कॉलेजात कुठला अर्ज कुठल्या तारखेच्या आत पाठवायचा, हे सांगणारा माणूस. मीच का, तर शाळेतले सगळे नकाशे माझ्या ताब्यात असतात, आणि ज्याने मार्ग दाखवायचा त्याच्याजवळ नकाशे असलेले बरे, असं बाईंचं म्हणणं पडलं. (हा विनोद नव्हता. बाई विनोद करत नाहीत.) माझी नकाशांची खोली जिन्याखाली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, एका महासागरात पोचा आलेला पृथ्वीचा गोल. पालक त्या गोलाला फिरवत फिरवत मला विचारतात, आमच्या मुलाचं कुठे होईल हो? आणि बोट थांबतं तिथे नेमका तो पोचा असतो. शिफारसपत्रंही मीच लिहितो. त्यात खरं लिहायची सोय नाही, त्यामुळे शब्दांची एक गुप्त व्यवस्था लागून गेली आहे. 'कष्टाळू' म्हणजे डोकं बेताचं, 'मनमिळाऊ' म्हणजे तास बुडवतो, आणि 'स्वतंत्र विचारांचा' म्हणजे हा तुमच्याकडे आला की तुम्हीच बघा.

पण ताई, शिफारसपत्रं परवडली. खरा वैताग निबंधाचा. बहुतेक कॉलेजं हल्ली अर्जाबरोबर सहाशे शब्द मागतात: 'आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग आणि त्यातून मी काय शिकलो.' आता सतरा वर्षांच्या धडधाकट पोरांनी कठीण प्रसंग आणायचे कुठून? यंदा त्रेचाळीस पोरं होती. मी त्यांना वर्गात बसवून सांगितलं की दुःख लहान असलं तरी चालेल, पण स्वतःचं हवं. झालं! दुसऱ्या दिवसापासून शाळेत दुःखाचा तुटवडा. ज्याला आम्ही वकीलसाहेब म्हणतो तो पोरगा मला जिन्यात गाठून विचारायला लागला, की आजोबांचा मोतीबिंदू त्याच्या खाती धरता येईल का, कारण दवाखान्यात डबा तोच घेऊन गेला होता. दोघी जुळ्या बहिणी एकाच पडलेल्या दातावरून इतक्या भांडल्या की त्यातून दुसरीलाही एक प्रसंग मिळाला. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचं घर दोन वर्षांपूर्वी सामानासकट जळालं हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे, तिने सायकल शिकण्यावर निबंध लिहून आणला. मी म्हटलं, अगं, ते दुसरं... तर म्हणाली, "ते मी कुणाला देणार नाही, सर." मी मान खाली घालून सायकलच्या निबंधातल्या वेलांट्या तपासल्या. त्या दिवशी मला माझ्या नोकरीची लाज वाटली.

आता तुझ्या लेकीकडे, ठकीकडे येतो. (तिचं चांगलं नाव हजेरीपटावर आहे, पण तुझ्यामाझ्यात ती ठकीच.) तिला नद्यांचं शास्त्र शिकायचं आहे. ते शिकवणारं धड असं एकच कॉलेज आहे, तिथे जागा वीस, आणि निबंधाला चाचणीइतकंच वजन. भूगोलाच्या माणसाच्या घरी पाच वर्षं राहिल्याचा हा परिणाम, असं तू म्हणतेस. असेल. पण त्या कॉलेजची नियमावली आली त्या दिवशी पोरगी ती उशाशी घेऊन झोपली, एवढं मी पाहिलं आहे. अर्जाची शेवटची तारीख होती शुक्रवार. निबंधाखाली मार्गदर्शकाने प्रमाणपत्र द्यायचं असतं: 'मी हा निबंध वाचला असून त्यातील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.' सही, शिक्का. त्याशिवाय अर्ज उघडूनही बघत नाहीत.

ठकी निबंध दाखवेना. घरी विचारलं तर म्हणे शाळेत देईन, शाळेत विचारलं तर म्हणे घरी बोलू. शेवटी सोमवारी गठ्ठ्यात एक्केचाळिसावा कागद तिचा निघाला. समोर चहा होता, हातात लाल पेन्सिल. पहिली ओळ वाचली: 'माझे कै. मामा भूगोलाचे शिक्षक होते.'

ताई, आधी मी सवयीने पुढच्या ओळीतल्या 'दुख' शब्दात विसर्ग घातला, आणि मग मला कळलं की मी मेलो आहे.

माणसाला स्वतःच्या मरणाची बातमी कशी कळावी याचा काही नियम नाही, पण ती शुद्धलेखन तपासताना कळू नये असं मला वाटतं. मी पुढे वाचत गेलो. (चहा निवला.) मी म्हणे गेल्या हिवाळ्यात गेलो, तेही शांतपणे, तेही परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर. हे शेवटचं मात्र तिने मला ओळखून लिहिलं आहे. मी बेसूर गात असे, हे कॉलेजला कळवायची गरज नव्हती. पुढे लिहिलं होतं की मामा घरी येताना जिन्यात दर मजल्याला थांबून चष्मा पुसायचे, आणि चष्मा स्वच्छच असायचा. (हे साफ खोटं. आमच्याकडे धूळ फार.) मामांच्या पट्ट्याला त्यांनी स्वतः खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती, आणि शाळेतली मंडळी त्यांना बारीक झालात, छान दिसता, असं म्हणायची. (हे खरं, रसायनशास्त्राच्या बाई तर दोनदा म्हणाल्या.) मामा एक जाड पिवळी फाइल मोठ्या नकाशासंग्रहात, ध्रुवप्रदेशाच्या पानात ठेवायचे, कारण ते पान कोणी उघडत नाही असा त्यांचा समज होता. त्यातून ती काय शिकली, तर ज्याच्याबरोबर राहतो त्याने सांगेपर्यंत थांबायचं नसतं, आपण होऊन बघायचं असतं. सहाशे शब्दांत मी पाचशे पन्नासाव्या शब्दाला गेलो होतो. उरलेल्या पन्नासात नद्या.

मी तिला खोलीत बोलावलं. घरी ती मला अरे मामा म्हणते, पण शाळेत पक्की शिस्तीची.

"सर, बोलावलंत?"

"हे काय लिहिलंय? मी जिवंत आहे!"

"हो ना. म्हणून तर लिहिता आलं," ती म्हणाली. मग टेबलावरचा गोल एकदा फिरवून, "नंतर नसतं जमलं, मामा."

यावर मी नियमावलीतलं चौथं कलम वाचून दाखवलं. (मला दुसरं काही सुचलं नाही.) खोटा मजकूर आढळल्यास अर्ज बाद. मी म्हटलं, हवं तर शेजाऱ्यांचं मांजर मार, मी डोळे झाकून सही करतो. तर म्हणे मांजर मला आवडत नाही. मग सायकल? सायकल देऊन झाली, एकाच शाळेतून दोन सायकली नकोत. तिने सहाशे शब्दांतला एकही हलवायला नकार दिला. हा हट्ट तुझ्या घराण्यातला, आमच्याकडून आलेला नाही. (तुझं आणि माझं घराणं एकच आहे, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.)

मंगळवार, बुधवार असेच गेले. निबंधात माझं नाव आडनावासकट, आणि खाली प्रमाणपत्रावर तेच नाव. म्हणजे माझ्या मरणाचा मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे, असं मीच शिक्क्यानिशी कळवायचं. ऑफिसातले कारकून फार अनुभवी गृहस्थ. ते म्हणाले, करा हो सही, फक्त नावाआधी बारीक अक्षरात 'कै.' घाला, म्हणजे कागदोपत्री सगळं जुळतं. मुख्याध्यापिकाबाईंना गळ घालावी, तर त्यांच्या दारात मी त्याच आठवड्यात रजेचा अर्ज घेऊन तीनदा उभा राहिलो होतो (रजेचं कारण किरकोळ), त्यामुळे मला मयत मानणं त्यांना जड गेलं असतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर घरी आलो. जिन्यात दोनदा चष्मा पुसला. ठकी जेवायच्या टेबलाशी बसली होती, अर्ज समोर, टोपण लावलेलं पेन आडवं. वीस जागांतली एक जागा पोरगी माझ्यापायी सोडून द्यायला निघाली होती, आणि कुढत नव्हती, हे मला जास्त लागलं. मी लाल पेन्सिल घेतली आणि समासात, सहावीच्या व्याकरणाच्या पेपरात असतं तसं लिहिलं: 'कंसातील सूचनेनुसार काळ बदला. (वर्तमानकाळ करा.)' कागद तिच्याकडे सरकवला.

तिने बराच वेळ ती ओळ वाचली. मग पेन उघडलं. 'होते' चं 'आहेत' झालं. 'थांबायचे' चं 'थांबतात' झालं. 'कै.' खोडलं, हिवाळ्याचा परिच्छेद अख्खा काढला, आणि रिकाम्या जागेत नद्या भरल्या. चष्मा, पट्टा, पिवळी फाइल, सगळं जागच्या जागी राहिलं, फक्त आज घडायला लागलं. स्वच्छ प्रत काढून तिने माझ्यापुढे ठेवली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि खाली सही केली. माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.

ठकी त्या सहीकडे बघत राहिली. शाई वाळायला इतका वेळ लागत नाही. मग उठून तिने चहाचं आधण ठेवलं, माझ्याकडे पाठ करून.

अर्ज शुक्रवारी वेळेत गेला. प्रवेशासाठी हल्ली काय काय करावं लागतं, हे तुला कळावं म्हणून एवढं लांबण लावलं. बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार, उजव्या कानात सांग.

तुझा, हजेरीपटावर अजून असलेला,
धाकटा

ता. क. ठकीचा निळा स्वेटर तुझ्याकडे राहिला आहे. पाठवू नकोस, येताना घेऊन ये.

आणखी ता. क. येताना म्हणजे सतरा तारखेच्या आत. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. डॉक्टर टक्केवारीत बोलतात. मी त्यांना विचारलं की प्रवेश नक्की का, तर म्हणाले प्रतीक्षा यादीत आहात असं समजा. त्यांच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ठकीची चालत नाही, तिला अठरा पूर्ण नाहीत. हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, ठकीने सांगितलं. ती महिन्यापूर्वीच एकटी जाऊन विचारून आली होती. मला भीती वाटते, ताई. तिच्यासमोर वाटून घेता येत नाही, म्हणून तू ये.

शेवटचा ता. क. पत्राच्या सुरुवातीला 'मी ठणठणीत आहे' असं लिहिलं गेलं आहे. शाईने लिहिलंय, आता खोडलं तर घाण दिसेल. तेवढ्या एका वाक्याचा काळ तूच बदलून वाच.