गोबरगॅसचा कॉक

३ जानेवारी
संशोधन संस्थेतली नोकरी पक्की. एक मार्चला हजर व्हायचं. घरातली पहिली पदवीधर मी, तेव्हा जाण्याआधी घराला काहीतरी देऊन जायला हवं. ठरलं: गोबरगॅस. उघड्यावर कुजणाऱ्या शेणातून मिथेन हवेत जातो. तो टाकीत धरायचा आणि शेगडीत जाळायचा. नंतर सगळं दादाच्या हातात देऊन निघायचं. वेळ भरपूर आहे.

१२ फेब्रुवारी, सकाळ
गॅस पेटला. निळी ज्योत. आई कितीतरी वेळ बघत राहिली, आणि डोळे चोळावे लागले नाहीत. त्याच भरात मी पहार आणून चूल फोडली. आई म्हणत होती, असू दे कोपऱ्यात. पण मागे जायची वाट ठेवली की माणूस मागेच जातो.

मग सगळ्यांना बसवून समजावलं. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट घातक. कॉक जरा सैल राहिला तरी पृथ्वीचं नुकसान. सगळे एकदम गंभीर झाले. विषय पोचला.

१४ फेब्रुवारी
आई कॉकला हात लावत नाही. चहा ठेवायचा तरी मला हाक मारते. जबाबदारीची जाणीव झाली आहे, हे महत्त्वाचं.

१९ फेब्रुवारी
दादाचं ट्रेनिंग. शेणातल्या काड्या वेचायच्या, शेणाइतकंच पाणी घालायचं, गाठी हाताने फोडायच्या. त्याने एक घमेलं कालवलं. गाठी राहिल्या, म्हणून मी परत कालवलं. तो म्हणाला, तुझ्या हाताची सर नाही. मोठ्या मनाचा आहे. लगेच मोटारसायकल काढून गेला.

वहिनी शिकणार होत्या, पण त्यांना शेणाचा वास सोसत नाही म्हणे. गोठा रोज त्याच झाडतात.

२७ फेब्रुवारी
बॅग भरली. बाबा म्हणाले, जा की, तुला कोणी अडवलंय? आई म्हणाली, "जा बाई. जाताना तेवढी चूल मांडून दे."

पुन्हा धूर? पुन्हा शेण उघड्यावर? मी हे बोलण्याआधी तीच म्हणाली, "आणि त्या पृथ्वीचं काय करायचं, तेही सांगून जा."

संस्थेला फोन करून एक आठवडा मागून घेतला. तेवढ्यात दादा तयार होईल.

९ मार्च
आणखी एक आठवडा मागितला. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, आता सावकाश या, घाई नाही. किती समजूतदार माणसं.

२ एप्रिल
माझ्या जागी एक मुलगा घेतलाय. तात्पुरता असणार. बॅग तशीच आहे, फक्त रोज लागणारे कपडे काढलेत.

१८ मे
तोच मुलगा आज पाहणीला आला. गोबरगॅस वापरणारी घरं बघत फिरतोय. मी कोपरापर्यंत शेणात. त्याने फोटो काढला, मग विचारलं की ताई काय करतात. मी पदवी सांगणार, तोच दादा म्हणाला, "घरचीच आहे. गॅस तीच बघते."

मुलाने मला मिथेन म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजावून सांगितलं. मी शेवटपर्यंत ऐकलं. कुठे चुकला नाही.

आतून आईची हाक आली. "अगं, पाहुण्यांना चहा ठेवायचाय. कॉक उघड."

उघडला. चहा झाल्यावर बंद केला. पाइपच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. कुठूनही काहीही बाहेर पडत नाही.