राताचं बी

नांदखेडे, ७ फेब्रुवारी १९९९

ती. स्व. सौ. रुक्मिणीआत्यास,
धवलचा शि. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. नाशिकला द्राक्षं खोक्यांत भरायला गेलो होतो, तिथून एका ट्रकवाल्याशी गप्पा मारत गिरणेकाठी येऊन पडलो. इथे पुण्याचे लोक एक टेकाड उकरतात. तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे म्हणे. माझं काम, उकरलेली माती पिंपातल्या पाण्यात ढवळायची. जळके दाणे वर तरंगतात, ते फडक्यात गाळून वाळवायचे. न जळलेलं सगळं किड्यांनी कधीच खाल्लं. म्हणजे ज्या बाईनं चुलीपाशी हयगय केली, तिचीच आठवण राहिली. नीट रांधणाऱ्या तुझ्यासारखीचं काही उरत नाही.

दाणे तपासणाऱ्या आमच्या इनेझ मॅडम आपल्या वटारशेजारच्या नंदाखालच्या. त्यांना जव आणि गव्हात अकरा दाणे भाताचे सापडले. या कोरड्या मुलखात भात आलं कुठून? त्यांच्या मते समुद्राकडून. म्हणून किनाऱ्यावरचं जुन्या वाणाचं भात भाजून त्याच्याशी ताडून बघायचंय. मी बोलून गेलो की माझी आत्या वटारला खाडीकाठच्या खाजणात राता लावते, खाऱ्या पाण्यात येणारं लाल भात. त्यांनी मला लगेच पिंपावरून उठवून टेबलाशी बसवलं. मे महिन्यात पुण्याच्या प्रयोगशाळेत कायमचं घेऊ म्हणतात. आत्या, मला आजवर कुणी कायमचं काही म्हटलेलं नाही. तेव्हा मूठभर राता पोस्टानं पाठव.

चंद्रहासकाकांना नमस्कार. रागाव, पण थोडंच.
तुझा, धवल


वटार, १८ फेब्रुवारी १९९९

चि. धवल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वर्षानं आलं, पण आलं. काका म्हणाले, आंघोळीचा कंटाळा असलेला मुलगा माती धुतो, म्हणजे शास्त्र बरंच पुढे गेलंय. तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईच्या चुलीतले दाणे मोजायला तुला सवड आहे, जिवंत आत्याकडे दोन घास खायला नाही.

भात पाठवते आहे, फडक्यात शिवून. पोस्टातल्या आल्बिनानं तीनदा विचारलं, जाळायचंय तर इतक्या लांब कशाला पाठवायचं, वटारला काडेपेटी मिळत नाही का.

लोभ तेवढा हरवू नकोस, बाकी सगळं हरवतोसच.
तुझी, आत्या


नांदखेडे, १५ मार्च १९९९

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं भात थोर निघालं. वाळूत पुरून भट्टीत भाजलं, मग भिंगाखाली एकेक दाणा मोजला. अकरापैकी नवांशी जुळलं. मॅडम दिवसभर गुणगुणत होत्या. त्यांनी निबंध लिहिलाय, पुढच्या महिन्यात पुण्यात मोठमोठ्या टकलांसमोर वाचणार. त्यात वटारचं नाव आहे, तुझंही आहे, तेव्हा गावात जरा मान वर करून चाल. खाली बारीक अक्षरांत मीही आहे.

भाजण्याआधी दाणा सोलून रंग तक्त्यात लिहायचा असतो. पण त्या दिवशी उंटवाले आले होते. मी त्यांच्याबरोबर पुढच्या गावापर्यंत गेलो. उंटाची पापणी कधी पाहिलीस का? नव्या नवरीला लाजवील. परत आलो तर भट्टी तापलेली. मग न सोलताच ‘तांबडा’ लिहून टाकलं. राता म्हटल्यावर तांबडाच असणार.

तुझ्या जिवावर शास्त्रज्ञ झालेला,
धवल


वटार, २७ मार्च १९९९

चि. धवल यास,
आशीर्वाद आहेतच, पण आज मोजून.

अरे, मी राता पाठवलेलाच नाही. पेरणीआधी बी घराबाहेर जात नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. खाडीचा बांध फुटल्यापासून त्या खाजणात दुसरं काही उगवत नाही, आणि माझ्यापाशी पायलीभर बी उरलंय. ते तुमच्या भट्टीत घालू? पंचायत समितीनं वाटलेलं सुधारित भात माळ्यावर पडून होतं, आत पांढरंफटक. तेच पाठवलं. जळल्यावर लाल काय नि पांढरं काय. शिवाय वाटलं होतं, एवढे शिकलेले लोक एक दाणा सोलून तरी बघतील.

म्हणजे तुमच्या त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईला बियाणं पंचायत समितीनं दिलं, असं ठरलं.

मी फसवलं, कबूल. पण ‘तांबडा’ हे अक्षर माझं नाही. तू गप्प बसलास तर मीही बसेन. मात्र मग जेवायला येऊ नकोस.
आत्या


नांदखेडे, ९ एप्रिल १९९९

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आठवडाभर गप्प बसलो. मग पिशवी भरून थांब्यावर गेलो. एसटी आली, उभी राहिली, गेली. मी चढलो नाही. का, ते मलाही माहीत नाही. परत येऊन मॅडमना सांगितलं. सगळं तुझ्यावर ढकलावंसं वाटलं, अर्धं ढकललंही, पण तक्ता माझ्याच अक्षरात होता.

त्यांनी माझ्यासमोर पट्टी लावून निबंधातली वटारची पानं खोडली. पेरणीआधी बी मागू नये हे त्यांची आजीही सांगायची, म्हणाल्या, पीएचडीच्या नादात विसरायला झालं. मला परत पिंपावर पाठवलंय. पुण्याचा विषय आता कुणी काढत नाही.

पिंपावर पूर्वी मजेत होतो. आता नाही. गव्हाच्या दाण्याच्या पोटावर एक खाच असते, ती भिंगाखाली बघायची सवय लागली.

रागावली असशील तर उत्तर पाठवू नकोस, मी समजेन.
धवल


वटार, २० एप्रिल १९९९

चि. धवल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तर पाठवते आहे, म्हणून राग गेला असं समजू नकोस. तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. एसटी गेली आणि तू चढला नाहीस, ते त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

सोबत मूठभर राता आहे. खरा. पेरणीआधी माझ्या हातून घराबाहेर गेलेलं हे पहिलं बी. सासूबाई वरून काय बोलत असतील ते मी ऐकत नाही. मॅडमना दे. सांग, आत्याचं चुकलं, पण माफी मागायला ती नंदाखालला येणार नाही, त्यांनीच वटारला यावं. त्यांच्या अकरा दाण्यांशी हा जुळला नाही तरी नाही जुळला. जे दिसेल तेच लिही.

मूठभर कमी पडलं, तेव्हा बांधाकडचा एक कोपरा यंदा रिकामा राहील. कोणी विचारलं तर सांगेन, तिथे भाचा पेरलाय, उगवतो का बघू.

लोभ आहे. त्याचा अंत बघू नकोस.
तुझी, आत्या